बालशयनगृहातील परीद्वार : बांधणी व कारभार

परीद्वार म्हणजे मुलाच्या खोलीत भिंतीच्या तळाशी बसवलेले, वीतभर किंवा त्याहून लहान असे दार, ज्यातून कोणीही ये-जा करत नाही. ती ये-जा होत नाही हे कोणाला सिद्ध करता येऊ नये, एवढीच या बांधकामाची मुख्य तांत्रिक अट आहे. दार तयार करायला एक संध्याकाळ पुरते. ते चालवायला मात्र काही वर्षे लागतात, आणि या विषयावरची बहुतेक मार्गदर्शने ती संध्याकाळ संपली की आटोपतात. त्यामुळे पालकाला आपण सुतारकाम हाती घेतले आहे असे वाटत राहते. प्रत्यक्षात त्याने एक कार्यालय उघडलेले असते.

हा प्रकार मूळचा पाश्चात्त्य. अमेरिकेत मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे जोनाथन राइट यांच्या घरात १९९३ साली अशी दारे आढळली. बसवली न म्हणता आढळली असे म्हणण्याचा तिकडे शिरस्ता आहे आणि तो प्रत्येक पालकाने पहिल्या दिवसापासून पाळावा. २००५ साली पहिले सार्वजनिक दार एका कॉफीच्या दुकानाबाहेर आढळले, मग गावातल्या इतर दुकानांनाही ती फुटू लागली. राइट स्वतःला परीशास्त्राचे प्रमाणित तज्ज्ञ म्हणवतात. प्रमाणपत्र पाहायला कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही. २०१३ साली डब्लिनमध्ये तयार दारे विकणारी कंपनी निघाली. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात वेफर्ड वूड्स नावाच्या जंगलात तर हौशी लोकांनी झाडांच्या बुंध्यांना इतकी दारे ठोकली, की २०१५ साली त्यांची संख्या दोनशेच्या घरात गेली आणि विश्वस्तांना आवर घालावा लागला. अनधिकृत बांधकामाचा प्रश्न पऱ्यांनाही चुकलेला नाही.

मराठी घराला ही कल्पना वाटते तितकी परकी नाही. वाड्याच्या प्रचंड दरवाजात माणसापुरता दिंडी दरवाजा असे. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजालाही तो आहे. मोठी दारे बंद ठेवून एकेकाने वाकून आत यावे, अशी ती सोय. परीद्वारात वाकण्याचे प्रमाण थोडे अधिक आहे, इतकेच.

घराला चांगले दार असताना हे वेगळे दार कशाला, असे घरातले ज्येष्ठ विचारतात. त्याचे उत्तर तयार ठेवावे. ब्रिटन-आयर्लंडकडील लोकसमजुतीनुसार परीला लोखंडाचे वावडे असते, म्हणून तिकडे चौकटीवर घोड्याची नाल ठोकतात. नाल आपल्याकडेही ठोकतात. फ्लॅटच्या मुख्य दारावर नाल, त्यापुढे लोखंडी जाळीचे सेफ्टी डोअर, त्यावर शनिवारी बदललेली लिंबू-मिरची आणि खाली गेटवर ‘कोणाकडे जायचे, काय काम’ असे रकाने असलेली वही, एवढ्या बंदोबस्तातून जी यावी असे वाटते तिला निराळी वाट काढून देणे भागच आहे. याच कारणाने परीद्वारात लोखंडी चूक वापरत नाहीत. पितळेची टाचणी चालते. फेव्हिकॉलबद्दल कोणत्याही देशाच्या लोकसमजुतीत आक्षेप नाही.

जागा निवडताना भिंतीच्या पलीकडे काय आहे ते आधी पाहावे, कारण मूल ते नंतर पाहतेच. बाथरूमच्या भिंतीला दार लावल्यास परी बाथरूममध्ये राहते असा निष्कर्ष दुसऱ्या दिवशी निघतो आणि आंघोळीच्या वेळी नवे वाद सुरू होतात. शेजारच्या फ्लॅटशी सामाईक असलेली भिंत निवडली, तर परी कायद्याने शेजाऱ्यांची ठरते, आणि शेजारी त्याच वयाचे मूल असेल तर मालकीचा तंटा जिन्यात खेळला जातो. बाहेरच्या भिंतीला लावलेले दार तिसऱ्या मजल्यावरून थेट पार्किंगवर उघडते. परीला पंख असल्याने तेवढे निभावते, पण पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरते आणि श्रावणापर्यंत दार खाली पडलेले असते. स्वयंपाकघराच्या बाजूची भिंत तर्कशुद्ध आहे. साखरेच्या डब्याजवळ राहणे कोणालाही पटते, आणि डब्यातल्या चिक्कीची घट कोणाच्या नावावर टाकायची हाही प्रश्न मिटतो. सर्वांत उत्तम म्हणजे पलीकडून जड कपाट टेकलेली मधली भिंत. तिच्यामागे नेमके काय आहे हे घरात कोणालाच आठवत नसते. दिशेबाबत घरात दोन मते असल्यास ज्येष्ठांचे मत घ्यावे. चार इंची दाराने कोणाची भरभराट किंवा हानी झाल्याची नोंद नाही.

आता आकार. बाहुलीघरांचे जगभर रूढ झालेले प्रमाण एकास बारा आहे, म्हणजे खऱ्या वस्तूचा एक फूट तिथे एक इंच होतो. नवी दिल्लीचे वास्तुकार एडविन लट्येन्स यांनी राणी मेरीसाठी आखलेले, १९२४ साली पूर्ण झालेले आणि आज विंडसरच्या किल्ल्यात असलेले बाहुलीघर याच प्रमाणात आहे. त्यात नळाला पाणी येते, लिफ्ट चालते, आणि ग्रंथालयातल्या बोटभर पुस्तकांपैकी एक होम्सकथा खुद्द आर्थर कॉनन डॉयल यांनी लिहून दिलेली आहे. डॉयल यांचा संबंध पुढे पुन्हा येईल. या प्रमाणाने सात फुटी दाराची उंची सात इंच आणि तीन फुटी रुंदी तीन इंच होते. कागदावर हे निर्दोष दिसते. अडचण भिंतीवर येते. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये जमिनीलगत चार इंच उंचीचे टाइलचे स्कर्टिंग असते आणि ते बहुधा भिंतीच्या पुढे पेराच्या निम्म्याने आलेले असते. सात इंची दाराचा खालचा भाग स्कर्टिंगला टेकतो आणि वरचा हवेत राहतो. मूल त्या फटीत बॅटरी मारून पाहते. मग चौकटीच्या वरच्या भागामागे पुठ्ठ्याचे थर चिकटवून पातळी जुळवावी लागते. ज्यांना हा खटाटोप नको ते चार इंची दार करून पूर्ण स्कर्टिंगवरच चिकटवतात. त्याचे प्रमाण एकास एकवीस पडते. विंडसरमध्ये ते चालले नसते, इथे चालते. गुळगुळीत टाइलवर दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप घट्ट बसतो आणि काढताना रंगाचा पापुद्रा येत नाही, हे पाहता चार इंची पक्षच व्यवहारी म्हणावा लागेल. पुढील वर्णन त्याच दाराचे आहे.

सामग्री आइस्क्रीमच्या काड्यांची. स्टेशनरीच्या दुकानात त्यांचे पुडके मिळते. खाऊन जमवलेल्या काड्याही वापरता येतात, पण त्या धुऊन उन्हात कडक वाळवाव्यात. नाहीतर परीच्या आधी मुंग्या राहायला येतात. नेहमीची काडी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद असते. पाच काड्या शेजारी-शेजारी ठेवल्या की पाच सेंटिमीटरची फळी झाली. काड्यांची गोल टोके कात्रीने कापू नयेत, काडी उभी चिरते. कटरने दोन्ही बाजूंनी रेघ ओढून मग ती मोडावी आणि कड पॉलिश पेपरवर घासावी, आधी १२० नंबरच्या, नंतर २२०च्या. पाचही काड्या पातळ पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने बसवून पुढून दोन आडव्या पट्ट्या द्याव्यात आणि रात्रभर वजनाखाली ठेवावे. विश्वकोशाचा एखादा खंड या कामाला उत्तम. तो घरात का आहे, या जुन्या प्रश्नालाही त्यामुळे उत्तर मिळते.

चौकट वेगळी करावी आणि ती दाराच्या पुढे किंचित उचललेली असावी. दाराला खोली आल्याचा भास तिथूनच येतो. बिजागऱ्या काळ्या कार्डपेपरच्या, मुठीला पितळी टाचणीचे डोके किंवा मणी. कडी-कोयंडा करायचा मोह आवरावा. बाहेरून कडी लावता आली तर मूल ती लावते आणि मग आत अडकलेल्या परीच्या सुटकेसाठी रात्री अकराला सर्वांना उठावे लागते. रंग अ‍ॅक्रिलिक असावा. पोस्टर कलर स्वस्त असतो, पण पहिल्याच ओल्या फडक्याने ओघळतो.

फडक्याचा मुद्दा परदेशी पुस्तकांत नसतो. तिकडे खोलीत बहुधा गालिचा असतो. इकडे रोज सकाळी लादी पुसली जाते आणि पुसणाऱ्या मावशींचा हात कोपऱ्यापर्यंत जातो. यासाठी अर्धा इंच उंचीचा उंबरठा अनिवार्य आहे. उंबरठ्याला एम-सीलचा थर द्यावा, लाकूड फुगत नाही. मावशींना योजनेची पूर्ण कल्पना द्यावी, हे त्याहून महत्त्वाचे. परीने रात्री ठेवलेली भेट सकाळी सुपलीत गेल्याची उदाहरणे अनेक घरांत आहेत, आणि ती भेट कचऱ्याच्या डब्यातून परत काढताना परीच्या प्रतिष्ठेला जो धक्का बसतो तो सहज भरून येत नाही.

दार उघडणारे असावे की बंद, यावर मतभेद आहेत. उघडणाऱ्या दारामागे भिंत असते. काही जण तिथे जिन्याचे चित्र डकवतात, काही आरसा लावतात. चित्रातला जिना बोटाला सपाट लागतो आणि आरशात मुलाला स्वतःचा डोळा दिसतो; त्याने कार्य सिद्धीस न जाता मूल घाबरते. म्हणून दार कायमचे बंद असावे. दिवसाढवळ्या बंद असलेल्या दाराचे कारण मात्र द्यावे लागते. त्यासाठी चौकटीवर नखाएवढी पाटी लावावी : ‘दुपारी १ ते ४ दार वाजवू नये. इतर वेळी वाजवून उपयोग नाही.’ पुण्यातल्या मुलांना यात काहीच वावगे वाटत नाही. इतर शहरांतल्या मुलांना परी मूळची कुठली ते कळते.

दिव्याबाबत गंमत बाजूला ठेवून एक सूचना. बटणाएवढ्या सेलवर चालणारे छोटे दिवे दिसायला सुंदर, पण तो सेल मुलाने गिळला तर अन्ननलिका भाजते आणि जीवावर बेतते. लोहचुंबकाचे बारीक तुकडेही तसेच घातक. तीन वर्षांखालील मूल घरात असेल तर मणीसुद्धा न लावता मूठ रंगाने काढावी. सणाची सजावट निरुपद्रवी ठेवता येते. दसऱ्याला कढीपत्त्याच्या पानांचे तोरण हुबेहूब आंब्याच्या पानांचे दिसते, मध्ये झेंडूची एकेक पाकळी ओवावी.

दार बसले की पुराव्याची मागणी सुरू होते. पुरावा किती द्यावा याबाबत यॉर्कशरमधील कॉटिंग्ली गावचे प्रकरण अभ्यासावे. १९१७ साली एल्सी राइट ही सोळा वर्षांची आणि फ्रान्सेस ग्रिफिथ्स ही नऊ वर्षांची, अशा दोन मावसबहिणींनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. १९२० साली कॉनन डॉयल यांनी ते ‘स्ट्रँड’ मासिकात खरे म्हणून छापले. कागदाच्या आकृत्या हॅटच्या टाचण्यांनी उभ्या केल्या होत्या, ही कबुली १९८३ साली, दोघी आजीबाई झाल्यावर मिळाली. आकृत्या ज्या पुस्तकातून उतरवल्या होत्या त्याच पुस्तकात डॉयल यांची स्वतःची एक कथा होती. सिगारेटच्या राखेवरून माणूस ओळखणारा गुप्तहेर ज्यांनी निर्माण केला, त्यांनी ते पान उलटून पाहिले नाही. फ्रान्सेस तर पाचवा फोटो खराच होता असे अखेरपर्यंत म्हणत राहिली. या प्रकरणातून दोन गोष्टी निघतात. पुरावा मोजका आणि पुसट असावा, आणि मोठ्या माणसाला फसवणे सोपे असते. सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत डॉयल यांच्यावर विसंबून चालत नाही.

सर्वांत खात्रीचा पुरावा पावलांचा, आणि त्याचे तंत्र मराठी घरात शतकानुशतके तयार आहे. गौरी येतात तेव्हा उंबरठ्यापासून आतपर्यंत पावले काढतात. मिटलेल्या मुठीची कड टेकवून तळवा आणि बोटाच्या टोकाने पाच ठिपके. परीसाठी मुठीच्या जागी पेन्सिलीचे मागचे टोक आणि बोटांच्या जागी काडेपेटीची काडी घ्यावी. तांदळाचे पीठ वापरू नये, मुंग्या पहाटेपर्यंत सगळा पुरावा उचलून नेतात. पांढरी रांगोळी टिकते. गौरीची पावले फक्त आत येणारी असतात आणि ते योग्यच आहे, पण परीची पावले परत जाणारीही काढावी लागतात. हे विसरल्यास परी अजून खोलीतच आहे असे अनुमान निघते आणि पुढचे तीन तास पलंगाखाली शोध चालतो. चमकी मात्र कोणत्याही परिस्थितीत आणू नये. ती झाडून जात नाही. डाळीत सापडते, इस्त्रीच्या शर्टावर सापडते, दफ्तरातल्या डब्यात सापडते.

दारापुढे मूल खाऊ ठेवते. केक, लाडवाचा तुकडा, अर्धे बिस्किट. रात्रभर तो तसाच राहिला तर झुरळे येतात, आणि स्कर्टिंगजवळ छोटे दार पाहून एखादा खरा उंदीर गैरसमज करून घेऊ शकतो. यावर नैवेद्याची पद्धत लागू करावी. नैवेद्य दाखवायचा, क्षणभर थांबायचे आणि उचलून स्वतः खायचा, हे मुलाला ठाऊक असते. परीला गंध पुरतो एवढे सांगितले की काम होते. इंग्रजी पुस्तकांवर वाढलेल्या मुलाला हे पटवायला एखादी आजी लागते.

उंदराचा विषय निघालाच आहे तर दाताचाही निकाल लावावा. इंग्रजी रिवाजात पडलेला दुधाचा दात उशीखाली ठेवतात आणि परी तो नेऊन नाणे ठेवते. आपल्याकडे हे खाते पूर्वापार उंदराकडे आहे. दात त्याच्या बिळात किंवा कौलांवर टाकायचा आणि त्याच्यासारखे बळकट दात मागायचे. रोख रकमेचा प्रश्नच येत नसे. स्पेनमध्येही दात उंदीरच नेतो. १८९४ साली लुइस कोलोमा या लेखकाने आठ वर्षांच्या राजा अल्फोन्सो तेराव्यासाठी पेरेझ नावाच्या उंदराची गोष्ट लिहिली आणि त्याचे बिऱ्हाड माद्रिदमधल्या एका मिठाईच्या दुकानात, बिस्किटांच्या डब्यात दाखवले. तेव्हा परीला दाताचे अधिकार आपोआप मिळत नाहीत. व्यवहार्य तोड अशी : दात उंदराने घ्यावा आणि परीने पोच द्यावी. कौले नसलेल्या इमारतीत दात टाकायचा कुठे, हा प्रश्न मात्र खुला राहतो. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे असते आणि दात हे कारण त्यांना सांगावे लागते.

यानंतर पत्रव्यवहार, आणि कारभाराचा सगळा भार इथेच आहे. पहिले पत्र मूल लिहिते. त्याला उत्तर दिले की परंपरा सुरू झाली आणि उत्तर न देण्याचा पर्याय संपला. अक्षर ही पहिली अडचण. आईचे अक्षर मूल पहिल्या शब्दाला ओळखते, बाबांचे कोणालाच लागत नाही. डाव्या हाताने लिहिल्यास परी अशिक्षित वाटते. कोणी मोडी लिपीचा पर्याय सुचवतात. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती आणि दिसायला गूढही आहे, पण ती वाचून दाखवायला आता पणजोबा नसतात. अशा वेळी काकांना किंवा मावशीला पगाराविना लेखनिक नेमावे आणि पत्रे आठवड्याला एकदाच येतील असा नियम पहिल्या पत्रातच घालावा. रोजच्या टपालाने अनुभवी घरेही दोन आठवड्यांत खचली आहेत.

भाषा कोणती, हा दुसरा पेच. मूल इंग्रजी शाळेत जात असेल तर ते इंग्रजीत लिहिते आणि परीने मराठीत उत्तर द्यावे असा घरातल्यांचा सुप्त हेतू असतो. हेतू चांगला आहे, पण तो उघडा पडू देऊ नये. पाढे पाठ कर, दूध पी, वेळेवर झोप, असे मजकूर दोनदा आले की मूल पत्र खाली ठेवून स्वयंपाकघराकडे पाहते. परीने उपदेश करूच नये. तिने स्वतःच्या तक्रारी कराव्यात : पंख्याचा वारा लागतो, लोकलसारखा आवाज करणारे मिक्सर सकाळी सहाला का लावतात, दारासमोर कोणी बूट ठेवले. तक्रार करणाऱ्यावर मुलांचा विश्वास बसतो.

सर्व पत्रांच्या नकला ठेवाव्यात. परीचे नाव, बहिणी किती, काय आवडते, पाऊस चालतो का, याची नोंद एका वहीत असावी आणि आई, बाबा व आजी यांनी तोंडी उत्तर देण्यापूर्वी ती पाहावी. बहुतेक दारे विसंगत साक्षींमुळे बंद पडली आहेत. सोमवारी परीला एक बहीण असते आणि गुरुवारी आजीच्या तोंडून तिला सासरही मिळते. मूल मध्ये बोलत नाही, फक्त लक्षात ठेवते. मागण्यांबाबत धोरण कडक हवे. पहिली भेट एक मणी असेल तर दुसरी शंख असू शकते. पहिली भेट सायकल असेल तर परीद्वार बंद करून कर्जखाते उघडावे.

आठ-नऊ वर्षांच्या सुमारास पत्रांचा सूर बदलतो. ‘परी, तू आईला सांग की मला मोबाइल दे’ असा मजकूर आला की मुलाला सर्व कळले आहे असे समजावे. ते बोलून दाखवत नाही, कारण चालू असलेली व्यवस्था त्याच्या सोयीची असते. काही मुले परीच्या उत्तरातले ऱ्हस्व-दीर्घ तांबड्या पेनाने दुरुस्त करून परत पाठवतात. या टप्प्यावर पालकांनीही काही बोलू नये. घरात धाकटे भावंड असल्यास थोरल्याला लेखनिकाच्या जागेवर रुजू करून घ्यावे. वही, जुन्या नकला आणि रांगोळीची डबी त्याच्या ताब्यात द्यावी. नवे लेखनिक पहिल्या महिन्यात फार कडक वागतात आणि धाकट्याला एकही भेट मंजूर करत नाहीत. तिथे अपिलाची सोय ठेवावी.

भावंड नसल्यास दार काढण्याची वेळ येते. टेप ओढून उपटू नये. हेअर ड्रायरने तो मऊ करून मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवला की दार अखंड निघते. माळ्यावर दिवाळीतल्या किल्ल्याच्या मावळ्यांची पेटी असते, तिच्यात ते मावते. टाइलवर राहिलेला चिकटपणा खोबरेल तेलाने जातो. ज्यांनी सात इंची दार केले होते त्यांच्या भिंतीवर मात्र वरच्या भागात मूळ रंगाचा गडद चौकोन राहतो. तिथे लांबी भरून, घासून, प्रायमर देऊन त्याच नंबरचा रंग लावला तरी तो जुन्या भिंतीशी जुळत नाही. रंगारी तेवढा तुकडा रंगवायला तयार नसतो. तो आधी भिंतीचा, मग खोलीचा आणि निघताना हॉलचा भाव सांगतो. घर भाड्याचे असेल तर हे काम डिपॉझिट परत मागण्याच्या आधी उरकावे.